संगणकाने अर्ज नाकारला, तर पत्र असं लिहा

कर्जाचा किंवा नोकरीचा अर्ज काही सेकंदांत नाकारला गेला, की माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांना मी आधी सांगते: फोनवर वाद घालू नका, लेखी विचारा. नकाराचा संदेश आणि भरलेला अर्ज जपून ठेवा.

पत्रात विचारा, निर्णय पूर्णपणे संगणकाने घेतला का, माझी कोणती माहिती वापरली आणि नेमकं कारण काय. 'निकषांत बसत नाही' एवढ्यावर गप्प बसू नका. अमेरिकेत कर्ज नाकारताना ठोस कारणं द्यावीच लागतात, निर्णय घेणारं संगणकाचं मॉडेल कितीही गुंतागुंतीचं असो.

युरोपीय संघात असाल तर जीडीपीआर या तिथल्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम २२ चा (ते पूर्णपणे स्वयंचलित निर्णयांबद्दल आहे) आधार घेऊन माणसाकडून फेरतपासणी मागा. 'शेवटची सही माणसाचीच होती' असं उत्तर बहुधा येईल. इथेच नेट लावा. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने शूफा या जर्मन पतमापन कंपनीच्या प्रकरणात ठरवलं, की बँक मुख्यतः पतगुणांकावरच (क्रेडिट स्कोअरवरच) विसंबत असेल, तर तो गुणांक काढणं हाच स्वयंचलित निर्णय ठरतो. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. म्हणून विचारा: सही करणाऱ्याने स्वतः काय तपासलं? गुणांक बाजूला ठेवायचा अधिकार त्याला होता का?

माहितीच चुकीची निघाली, तर आधी ती दुरुस्त करून घ्या. महिनाभरात उत्तर नाही आलं, तर डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करा.