कृपा की कर्मं? घरच्या वचनात हा वाद निघाला तर

परळच्या आमच्या चाळीत दर शुक्रवारी रात्री आठला आम्ही घरचे वचनाला, म्हणजे बायबल वाचून त्यावर बोलायला, बसतो. मी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीची, मराठी मिशनच्या वळणात वाढलेली. सून वसईची, कॅथलिक. भाचा कल्याणहून येतो. त्याचं चर्च पेंटेकॉस्टल. पाळण्यात असताना पाळकांनी डोक्यावर घातलेलं पाणी तो बाप्तिस्मा मानत नाही. पंचविशीत त्याने पुन्हा, बुडवून घेतला. तिघांचा प्रभू एक, आणि तरी ‘तारण कशाने होतं, देवाच्या कृपेने की आपल्या कर्मांनी’ हा विषय निघाला की चहा तसाच राहतो. सहा वर्षं असं बसून जे हाती लागलं ते सांगते. तुमच्याही घरात असं होत असेल तर उपयोगी पडेल.

आधी शब्द नीट करून घ्या. मी एकतीस वर्षं एका पतपेढीत सोनेतारणाच्या काउंटरवर काढली. माझ्यासाठी ‘तारण’ म्हणजे बाईने गळ्यातून काढून काचेखालून सरकवलेली पोत, तिचं वजन, तिची पावती. बायबलमध्ये ‘तारण’ म्हणजे बुडणाऱ्याला वर काढणं. दोन्ही अर्थ एकाच डोक्यात असतात आणि वाद घालताना आपण नकळत एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. मग देवाकडे आपण काहीतरी गहाण ठेवलंय आणि हप्ते चुकले तर तो जप्त करेल, असं बोलणं सुरू होतं. ‘खंडणी’चंही तेच. मार्क १०:४५ मध्ये प्रभू आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला, असं आहे. माझ्या नातवाने हा शब्द पहिल्यांदा बातम्यांत ऐकला, बिल्डरला आलेल्या फोनच्या बातमीत. त्याला ते वचन कळेना. ज्याला बांधून ठेवलंय त्याला सोडवण्यासाठी भरलेली किंमत, हा जुना अर्थ मी सांगितला, तेव्हा त्याला ते कळलं. उलट ‘विसार’ हा शब्द आपल्याला फार मदत करतो. इफिस १:१४ मध्ये पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हटलंय. खोलीचा विसार दिलेल्या माणसाला विचारा: व्यवहार पक्का झाला का? झाला. ताबा मिळाला का? अजून नाही.

इथूनच दुसरी गोष्ट येते: क्रियापदाचा काळ बघा. एका कागदावर तीन रकाने पाडा, झालं, होतंय, होईल. इफिस २:८ पहिल्या रकान्यात: कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण झालेलं आहे. पहिलं करिंथ १:१८ दुसऱ्यात: ज्यांचं तारण होत आहे त्यांना वधस्तंभाचा संदेश देवाचं सामर्थ्य वाटतो. रोम ५:९ तिसऱ्यात: आपण क्रोधापासून तारले जाणार आहोत. तिन्ही वाक्यं प्रेषित पौलाच्याच पत्रांतली आहेत. आम्ही हा कागद केला त्या रात्री लक्षात आलं की भाचा कायम पहिल्या रकान्यातून बोलतो आणि सून दुसऱ्या-तिसऱ्यातून. अर्धा वाद तिथेच निवळला. उरलेला अर्धा खरा होता, तो निवळायला नकोच होता.

आता पौल आणि याकोब, दोघेही नव्या करारातल्या पत्रांचे लेखक. यासाठी एक शुक्रवार पूर्ण ठेवा, घाई करू नका. दोन बायबलं शेजारी उघडा, एकात रोम ४, दुसऱ्यात याकोब २. मोठ्याने वाचा, एकेका वचनाआड माणूस बदलून. दोघेही अब्राहामाचं उदाहरण घेतात, दोघेही उत्पत्ती १५:६ हेच वचन देतात (अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि देवाने ते त्याचं नीतिमत्त्व असं गणलं), आणि एक म्हणतो अब्राहाम कर्मांनी नीतिमान ठरला नाही, दुसरा म्हणतो क्रियांनी ठरला. आमच्याकडच्या जुन्या बायबल सोसायटीच्या प्रतीत पौलाकडे ‘कर्मे’ आणि याकोबाकडे ‘क्रिया’ असं आहे. मराठी वाचणाऱ्याला वाटतं, विषयच वेगळे. ग्रीकमध्ये दोन्हीकडे शब्द एकच आहे, एर्गा. म्हणून शब्दाच्या आडोशाला लपता येत नाही. संदर्भच बघावा लागतो. पौल सुंतेबद्दल बोलतोय: विदेश्यांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, आत घ्यायला सुंता, मोशेचं नियमशास्त्र लागतं का? आणि तो दाखवतो की अब्राहामाला नीतिमान गणलं ते सुंतेच्या आधी. याकोबासमोर उघडा, उपाशी भाऊ उभा आहे आणि कोणीतरी त्याला ‘सुखाने जा, ऊब घ्या’ म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावतोय. म्हणून तो उत्पत्ती २२ वर जातो, अब्राहामाने आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवलं तिथे. मधे बरीच वर्षं गेलेली आहेत. विश्वास आधी ठेवला, तो किती खरा ते नंतर डोंगरावर दिसलं. मी हे असं समजते. सुनेला एवढ्याने पटत नाही. ती म्हणते, “आई, याकोब ‘दिसलं’ म्हणत नाही, ‘नीतिमान ठरला’ म्हणतो.” तिचं म्हणणं वजनदार आहे, आणि मी अजून त्यावर विचार करते.

एक गोष्ट प्रोटेस्टंट भावंडांनी मनाशी ठेवावी. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द असे जोडून बायबलमध्ये एकाच ठिकाणी येतात, याकोब २:२४, आणि तिथे पुढे ‘नव्हे’ आहे. प्रोटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात रोम ३:२८ मध्ये ‘केवळ’ स्वतः घातला. त्याची कारणं त्याने दिली आणि मला ती पटतात. पण समोरच्याला हे माहीत असतं, तेव्हा आपल्यालाही असावं.

त्यानंतरचा नियम आमच्या घरी सर्वांत कठीण गेला: आपलं मत मांडण्याआधी समोरच्याचं मत असं सांगायचं की तो म्हणेल, हो, हेच म्हणतो आम्ही. मी पहिल्यांदा म्हटलं, “कॅथलिक लोक पुण्य करून स्वर्ग मिळवतात.” सून गप्प झाली, उठून भांडी घासायला गेली. मग मी शोधलं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या महासभेने १५४७ मध्ये लिहून ठेवलंय की नीतिमान ठरण्याची कृपा विश्वास किंवा कर्मं, यांतल्या कशानेही कमावता येत नाही. माझं वाक्यच खोटं होतं. मी पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. तसंच सुनेला वाटायचं की लूथर म्हणाला, विश्वास ठेवा आणि हवं तसं वागा. तो तर रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत म्हणतो की जिवंत विश्वास सत्कृत्यं केल्याशिवाय राहूच शकत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिक यांनी या विषयावर एकत्र घोषणापत्रावर सह्या केल्या. मेथडिस्ट २००६ मध्ये त्यात आले. सगळं मिटलेलं नाही, पण जे मिटलंय त्यावर घरात पुन्हा भांडायचं कशाला?

बाप्तिस्म्यावर थोडक्यात. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून सीएनआय झाली, तेव्हा तान्ह्याचा आणि मोठेपणी विश्वास कबूल करून घेतलेला, दोन्ही बाप्तिस्मे मान्य करूनच झाली. भाच्याला हे माहीत नव्हतं. त्याचं मत बदललं नाही, पण सूर बदलला.

‘एकदा तारलं की कायमचं तारलं का’ हा प्रश्न मात्र एका बैठकीत सोडवायला घेऊ नका. योहान १०:२८ वाचा, मेंढरांना कोणी हातातून हिसकावून घेणार नाही. लगेच इब्री ६:४ ते ६ वाचा, जे पतन पावले त्यांच्याबद्दलचं. कॅल्विनच्या वळणातल्या डोर्टच्या सभेने १६१८-१९ मध्ये ‘कायमचं’ ही बाजू ठरवली, मेथडिस्टांच्या वेस्लीने पुढे दुसरी धरली, दोघेही बायबल हातात घेऊनच. आम्ही दोन्ही वचनं वाचतो आणि फिलिप्पै २:१२ आणि १३ सलग वाचून थांबतो: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देव आहे. बाराव्यावर थांबणारा माणूस घाबरतो, तेराव्यापासून सुरू करणारा सैल होतो.

वचन अर्धं वाचून काय होतं ते माझ्याच हातून झालंय. माझा भाऊ, भाच्याचे वडील, दारूत गेला. शेवटच्या आजारात मी त्याच्या खाटेशी गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला, एकविसाव्या वचनापर्यंत: अशी कर्मे करणाऱ्यांना देवाच्या राज्याचे वतन मिळणार नाही. मला वाटलं, वेळ थोडा आहे, सत्य सांगितलं पाहिजे. त्याने भिंतीकडे तोंड केलं. बावीसाव्या वचनात आत्म्याचं फळ येतं, प्रीती, आनंद, शांती. त्यापुढे सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात आहे की अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने सावरा. मी पुस्तक मिटून टाकलं होतं. आठ दिवसांनी तो गेला.

म्हणून आजाऱ्याच्या खाटेशी आणि मयताच्या घरी हा विषय काढायचा नाही. तिथे स्तोत्र २३ वाचा, हात धरा. कोणी विचारलंच, तर लूक २३ मधला, प्रभूशेजारी वधस्तंभावर असलेला चोर आहे, ज्याच्याकडे बाप्तिस्मा नव्हता, आज्ञापालनाला वेळ नव्हता, एक विनवणी होती.

गेल्या पावसाळ्यात भाच्याने विचारलं, “आत्या, पप्पांचं तारण झालं असेल का?” सून तिथेच बसली होती. मी त्याला माझी ती गोष्ट सांगितली, खाटेशी काय वाचलं आणि कुठे थांबले ते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, रात्री पिऊन आले की पप्पा उंबऱ्यावर बसून एकच ओळ म्हणायचे, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ जकातदाराची, लूक १८ मधली. सुनेने बायबल उघडलं आणि आम्ही ती गोष्ट चौदाव्या वचनापर्यंत, तो जकातदार नीतिमान ठरून घरी जातो तिथपर्यंत, पूर्ण वाचली.