रिंग किंवा फ्लॅग असलेल्या स्थलांतरित पक्ष्याची नोंद कशी करावी

भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान संरक्षित असूनही तेथे हिवाळ्यात येणारे सायबेरियन क्रौंच २००२ नंतर दिसले नाहीत, कारण वाटेवरच्या इतर देशांत त्यांची शिकार होत राहिली. एकट्या देशाचे संरक्षण अशा पक्ष्यांना पुरत नाही, म्हणूनच १९७९ मध्ये बॉन येथे स्थलांतरित वन्यजीवांचा करार झाला आणि १९८३ पासून भारत त्याचा सदस्य आहे. आपल्याकडे हिवाळ्यात येणारे बरेचसे पाणपक्षी ज्या मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात, तो ३० देशांना जोडतो. त्यांतील कोणती पाणथळ जागा आधी वाचवायची हे ठरवताना पक्षी कोठे थांबतात हे माहीत असावे लागते. त्यासाठी अभ्यासक पक्षी पकडून त्यांच्या पायात क्रमांक असलेली रिंग (कडे) किंवा फ्लॅग (अक्षरे असलेली रंगीत पट्टी) घालून सोडतात. त्याची बरीच माहिती या खुणा वाचणाऱ्या हौशी निरीक्षकांकडून मिळते.

ठाणे खाडीसारख्या ठिकाणी भरती चढू लागताना जावे, म्हणजे चिखल्या आणि तुतवार हे चिखलात चरणारे पक्षी आपणहून काठाकडे सरकतात. त्यांच्या मागे मात्र जाऊ नये. लांबच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी घाबरून उडण्यात खर्च होते.

फ्लॅग दिसताच आधी छायाचित्रे घ्यावीत, शक्यतो दोन्ही पायांची. नंतर फ्लॅगचा रंग, त्यावरील अक्षरे आणि तो कोणत्या पायात आहे हे लिहावे. डावे-उजवे पक्ष्याचे धरावे, आपले नव्हे. समोरून पाहताना येथेच सर्वाधिक चुका होतात. एका पायात दोन फ्लॅग असल्यास वरून खाली क्रम लिहावा आणि ते सांध्याच्या वर आहेत की खाली हेही नोंदवावे. (जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो, तो खरे तर पक्ष्याचा घोटा असतो.) रंग आणि त्यांची जागा यांवरून पक्षी कोठे पकडला होता हे ओळखता येते, त्यामुळे अक्षरे वाचता आली नाहीत तरी नोंद वाया जात नाही. मंगोलियात खुणा केलेल्या पट्टकादंब हंसांच्या मानेतील पट्टा दुर्बिणीतून सहज वाचता येतो, तेव्हा तलावावरच्या थव्यात माना अवश्य तपासाव्यात.

जातीचे नाव, तारीख, वेळ, नेमके ठिकाण आणि थव्यातील अंदाजे संख्या यांसह ही नोंद मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवावी. भारतात पक्ष्यांना रिंग घालण्याचे काम या संस्थेने १९२७ मध्ये सुरू केले. जातीविषयी शंका असल्यास तसे स्पष्ट लिहावे, अंदाजाने नाव देऊ नये.

मृत पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण बर्ड फ्लूची शक्यता असते. रिंगवरील पूर्ण क्रमांक दिसेल असे छायाचित्र घेऊन वनविभागाला कळवावे.