दिवसा मालिका, रात्री नाटक: तारखा जुळवायच्या कशा

मालिकेसाठी फोन आला की आनंदाच्या भरात लगेच ‘हो’ म्हणून मोकळं होऊ नका. आधी नाटकाच्या मॅनेजरकडून पुढच्या प्रयोगांच्या तारखा घ्या आणि सही करण्याआधी त्या मालिकावाल्यांना लेखी द्या. ‘बघू, ॲडजस्ट करू’ला काडीची किंमत नाही. शेड्युल लावणारा माणूस उद्या बदलतो, व्हॉट्सॲपवरचा मेसेज राहतो. दोन्ही तारखा आपटल्याच तर मी नाटकाच्या बाजूने. मालिकेत तुमचं पात्र चार दिवस गावाला पाठवता येतं, कोमातसुद्धा टाकता येतं. नाटकात येत नाही.

शूटिंग ठाण्यात घोडबंदर रोडला आणि रात्री तिथल्याच गडकरी रंगायतनला प्रयोग असेल, तर सकाळी ७ची शिफ्ट मागा आणि ५ला सुटका कबूल करून घ्या. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं, पण त्याच रोडवर गायमुखला एखादा ट्रेलर बंद पडला की झालं! प्रयोग घाणेकर नाट्यगृहात असेल तर त्यातल्या त्यात बरं, माजिवड्याचा चौक टळतो. (ज्यांच्या नावाचं हे नाट्यगृह, ते डॉ. काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर. नाटक-सिनेमा दोन्ही गाजवून गेले.) वाशीला भावे नाट्यगृहात प्रयोग असेल तर सरळ सुट्टी मागा.

सेटवर आवाज जपा, असं सगळेच सांगतात. मला तरी खरी अडचण वेगळी वाटते. दिवसभर कॉलर माइकवर बोलून वाक्याची शेवटची अक्षरं गिळायची सवय लागते आणि रात्री बाल्कनीतून ‘आवाज!’ अशी हाळी येते. म्हणून प्रेक्षक आत सोडण्याआधी रंगमंचावर उभं राहा, शेवटच्या रांगेकडे बघत पहिल्या प्रवेशातली वाक्यं म्हणा. ओरडू नका, क्रियापद पूर्ण उच्चारा. आपल्याकडे ते शेवटी येतं आणि नेमकं तेच हरवतं.

दुसऱ्या दिवशी सेटवर उलटा व्यायाम. क्लोजअपमध्ये भुवई जरा जास्त उडाली तरी खोटी दिसते. हशासाठी थांबायची सवयही मेकअप रूममध्येच ठेवा. सेटवर हसायला कोणी नसतं, एडिटर ती जागा कापून टाकतो. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग लांबून टिपतात तेव्हा, चहाचा कप कोणत्या शब्दाला, कोणत्या हाताने उचललात तेही लक्षात ठेवा. क्लोजअपला तोच शब्द, तोच हात.

आता पैसे. नाईटचं, म्हणजे एका प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट बहुतेक वेळा प्रयोगाच्या रात्रीच हातात पडतं. मालिकेचा चेक साधारण ९० दिवसांनी, तोही १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा करून. म्हणजे पहिले ३ महिने घर नाईटवरच चालवायचंय, हे धरून चाला. तो कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या वेबसाइटवर तुमच्या नावावर जमा दिसतोय ना, तेही बघा. कापतात सगळे, वेळेवर भरतातच असं नाही.