बेळगाव सीमाभागातल्या जुन्या लग्नांचा सांख्यिकी अभ्यास: कामाला लागायचं कसं

1951च्या जनगणनेत चंदगड बेळगाव जिल्ह्यात आहे, 1961च्या जनगणनेत नाही. 1956च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. आणखी मागं गेलं तर रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, रामदुर्ग वेगळंच संस्थान होतं. 1931च्या 'बेळगाव जिल्हा' या ओळीत ती दोन्ही सापडणार नाहीत. म्हणून लग्नाचं वय काढायच्या आधी हद्दींचा तक्ता करा: आडव्या ओळींत तालुके, उभ्या रकान्यांत जनगणनेची सालं, प्रत्येक घरात त्या वेळचा जिल्हा किंवा संस्थान. जुने आकडे बहुतेक जिल्ह्यापुरतेच छापलेले असल्यानं चंदगड नेमकं वजा करता येत नाही. अशा वेळी बेळगाव, कोल्हापूर आणि मधली संस्थानं एकत्र धरून मोठा पट्टा करावा. ते जमत नसेल तर 1951 आणि 1961 एका रेषेनं जोडू नयेत.

हद्दीचा दुसरा फटका स्थलांतराच्या आकड्यांना बसतो. चंदगडची लेक बेळगाव तालुक्यात दिली, तर अंतर पाच-दहा कोसांचं असलं तरी जनगणनेत ती परराज्यातून आलेली ठरते. 1981पासून स्थलांतराचं कारण विचारलं जाऊ लागलं आणि त्यात 'लग्न' हा पर्याय आला. त्याआधी जन्मस्थळावरून, 1971मध्ये आधीच्या राहत्या ठिकाणावरूनही, अंदाज बांधावा लागतो. सोयरीक पूर्वीसारखीच चालू होती, रेघ मधून गेली, हे आकडे वाचताना सतत डोक्यात ठेवा.

मुख्य कच्चा माल म्हणजे वय, लिंग आणि वैवाहिक स्थितीचा तक्ता. 1901 ते 1931च्या खंडांत तो सातव्या क्रमांकाचा आहे, बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्याच्या खंडात बघायचा. जनगणना खात्याच्या डिजिटल ग्रंथालयात बरेच जुने खंड स्कॅन करून ठेवलेत. आकडे हातानं उतरवा आणि प्रत्येक ओळीची बेरीज छापील बेरजेशी ताडून बघा. स्कॅनमध्ये 3 आणि 8 हमखास गोंधळ करतात.

यातून लग्नाचं सरासरी वय काढायची रीत लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन हायनल यांनी 1953 साली मांडली. समजा, अविवाहित बायकांचं प्रमाण 15–19 वयात 0.40, 20–24 मध्ये 0.10, 25–29 मध्ये 0.03, 30–34 मध्ये 0.02 आणि पुढच्या प्रत्येक गटात 0.01 आहे (हे आकडे फक्त रीत समजण्यासाठी). 15 ते 49ची बेरीज 0.58. तिला 5नं गुणून 15 मिळवले की 17.9. पन्नाशीपर्यंत अविवाहित राहिलेल्या 0.01चे 50 पट, म्हणजे 0.5, वजा करा: 17.4. याला लग्न झालेल्यांच्या प्रमाणानं, म्हणजे 0.99नं, भागा: 17.6 वर्षं.

इथंच नवखे फसतात. 15 वर्षांखाली कुणाचंच लग्न झालेलं नाही असं या हिशेबात गृहीत धरलंय, आणि जुन्या काळात आपल्याकडं तसं नव्हतं. 10–14 मध्ये अविवाहित 0.70 असतील तर हिशेब 10पासून सुरू करायचा: 10 + 5 × (0.70 + 0.58) = 16.4, त्यातून 0.5 गेले 15.9, भागिले 0.99 म्हणजे 16.1. दीड वर्षाचा फरक पडला. 1931 आणि त्याआधीच्या वर्षांसाठी 5पासून सुरुवात करणं उत्तम.

1931चं साल वेगळं हाताळा. बालविवाहाला बंदी घालणारा शारदा कायदा 1 एप्रिल 1930 रोजी लागू होणार म्हणून त्याआधी घाईघाईनं लहान मुलांची लग्नं उरकली गेली. शिवाय 1931च्या जनगणनेत वय जवळच्या वाढदिवसाप्रमाणं नोंदलं आणि वयोगटही वेगळे केले. 1941चे तक्ते युद्धामुळं अपुरे आहेत, तिथं आकडा ओढूनताणून बसवू नका.

'विवाहित' कुणाला म्हणायचं हेही ठरवा. बालपणी मांडव पडला तरी मुलगी न्हाण आल्यावर नांदायला जायची. लग्न आणि संसाराची सुरुवात या दोन तारखा वेगळ्या ठेवा. पाट किंवा मोहतर, कन्नड घरांत उडकी, म्हणजे पुनर्लग्न झालेली बाई विवाहितांत मोजली जाते, त्यामुळं तक्त्यातल्या विधवांची संख्या म्हणजे कधीतरी वैधव्य आलेल्या सगळ्या बायका नव्हेत. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या बायकांची (देवदासींची) नोंद कोणत्या रकान्यात गेली असेल याची खात्री देता येत नाही, ही त्रुटी अहवालात स्पष्ट लिहा.

घराण्यांच्या पिढ्या सांगणाऱ्या हेळव्यांच्या वंशावळी मोलाच्या आहेत, पण त्या पुरुषांच्या नावानं चालतात. लेकी त्यांत हरवतात. खानापूरकडच्या चर्चच्या लग्न-नोंदींत तारखा नेमक्या मिळतात, मात्र त्या एकाच समाजाच्या. दोन्हींवरून सगळ्या जिल्ह्याबद्दल बोलू नये.

गावात म्हाताऱ्या बायकांना साल विचारू नका. "आजी, लग्न झालं तेव्हा चंदगड बेळगावातच होतं की कोल्हापुरात गेलं होतं?" असं विचारा. मग 1967चा कोयनेचा भूकंप, 1972चा दुष्काळ. पहिलं मूल तेव्हा कडेवर होतं का, हे विचारून उत्तर पडताळा. नात्यातलं लग्न असेल तर 'नात्यातलं' एवढ्यावर थांबू नका: मामाची मुलगी, आत्याची मुलगी की सख्खा मामाच नवरा, हे वेगवेगळं लिहा. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी नात्यांच्या रीतींवरून देशाचे विभाग पाडताना महाराष्ट्र मध्य विभागात आणि कर्नाटक दक्षिण विभागात धरला होता. ते दोन विभाग इथं एकाच गल्लीत भेटतात.

शिक्षणासाठी संख्याशास्त्राची पदवी हवी. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ दोन्ही जवळ आहेत. लोकसंख्याशास्त्रासाठी मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. सरकारी नोकरी हवी असेल तर यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा. जुन्या लग्नांवरच पगार देणाऱ्या जागा जवळपास नाहीत. पोट आरोग्य सर्वेक्षणांच्या विश्लेषणावर भरतं, त्यामुळं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फायली 'आर' या संगणकी भाषेत सराईतपणे हाताळता आल्या पाहिजेत. मराठी येतच असेल. कन्नड वाचता येणं आणि मोडीची ओळख, या दोन गोष्टी पहिल्या वर्षीच सुरू करा. रोज अर्धा तास मोडीची दोन पानं उतरवली तर सहा-आठ महिन्यांत नावं, नाती आणि तिथ्या वाचता येऊ लागतात.