म्युनिकमध्ये ओ-पेअर (होस्ट कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळणारे) असाल तर उन्हाळ्यात मुलांना कसं सांभाळायचं

इकडचा उन्हाळा आपल्या नागपूरसारखा नाही म्हणून निर्धास्त राहू नका, बहुतेक घरांत एसी नसतो आणि गोऱ्या मुलांची कातडी बघता बघता लाल होते, त्यामुळे ५० एसपीएफचं सनस्क्रीन निघायच्या आधीच चोळा आणि पाण्यातून बाहेर आली की परत लावा. ११ ते ३ मध्ये इंग्लिशर गार्टन या मोठ्या बागेतली सावली नाहीतर डॉइचेस म्युझियम बेस्ट.

आता पाण्याचं, हे खरंच नीट वाचा. पोरगं छाती फुगवून सांगतं की माझ्याकडे झेपफेर्डशेनचा (लहान मुलांचा पोहण्याचा पहिला) बॅज आहे, पण तो बॅज फक्त २५ मीटर पोहल्यावर मिळतो, त्याला पोहता येतं असं धरू नका. फ्रायबाडमध्ये (उघड्यावरचा सार्वजनिक स्विमिंग पूल) उथळ तळ्यात न्या, स्वतः हाताच्या अंतरावर थांबा, मोबाईल बॅगेत. बुडणारं मूल ओरडत नाही, एकदम गप्प होतं. ईझार नदी दिसते छान पण पाणी गार आणि ओढ जबरदस्त, बंधाऱ्यांजवळ तर अजिबात नाही. आयसबाख या वेगवान ओढ्यावरचं सर्फिंग लांबूनच बघा. आणि पाण्यात न्यायची परवानगी होस्ट आईबाबांकडून व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या.

गवतात खेळून आलं की रात्री आंघोळीला कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड बघा, दिसली तर तेल न लावता चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. इमर्जन्सीला ११२.

ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते तेव्हाही आठवड्याला ३० तासच काम हां, होस्टशी स्पष्ट बोला.