लॅमिनेटचा ओटा धुवायचा नाही, पुसायचा

न्यू जर्सीत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये नव्याने आलेल्या मुली मला ओट्याबद्दल विचारतात ते बहुतेक हळदीच्या डागांचं. डाग निघतात. खरा घात पाण्याने होतो, म्हणून आधी तेच सांगते.

आपल्याकडे ओटा ग्रॅनाइटचा नाहीतर कडप्प्याचा. रात्री जेवणं उरकली की वर पाणी ओतायचं, घासायचं आणि वायपरने सगळं सिंकमध्ये ओढायचं, ही सवय हातात बसलेली असते. इथल्या जुन्या अपार्टमेंटमधला ओटा मात्र बरेचदा लॅमिनेटचा, म्हणजे आपल्या सनमायकाच्याच जातीचा. रेझिनमध्ये भिजवलेले कागद उष्णता देऊन दाबले की जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पातळ थर तयार होतो. तो भुशाच्या फळीवर चिकटवलेला असतो. वरच्या थरातून पाणी आत जात नाही, पण सांध्यातून खाली उतरतं आणि फळी ते पिते. सिंकच्या कडेवरून आणि दोन तुकडे जुळतात तिथून बोट फिरवून बघा. बोटाला उंचवटा लागला तर फळी फुगलीय. ती पुन्हा बसत नाही, आणि घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

रोजचं काम साधं आहे. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, मऊ फडकं घट्ट पिळून ओटा पुसा. मग साध्या ओल्या फडक्याने साबण काढा, नाहीतर ओटा चिकट आणि मळकट दिसत राहतो. शेवटी कोरडं फडकं. नळामागे आणि सांध्यांवर ते नक्की फिरवा. सिंकभोवतीच्या फटीत भरलेलं सिलिकॉन सुटलं असेल तर फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा. घर स्वतःचं असेल तर जुनं खरवडून, जागा पूर्ण वाळवून नवीन भरा.

आता हळद. तिचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. म्हणून ताजा डाग साबणाने पुसल्यावर कापसाच्या बोळ्यावर रबिंग अल्कोहोल (औषधाच्या दुकानात मिळणारं स्पिरिट) घेऊन टिपा. त्या वेळी गॅस बंद हवा, ते चटकन पेट घेतं. तरीही डाग राहिला तर खायच्या सोड्याची पातळ पेस्ट लावा. डाग लालसर झाला तर घाबरू नका. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो, तसंच हे. पाच मिनिटांनी मऊ फडक्याने हलकेच पुसा, जोर लावून घासलं तर चमक जाते. उरलेली पिवळी झाक खिडकीतल्या उन्हाने हळूहळू फिकी पडते. ब्लीच अगदी शेवटी: आधी कोपऱ्यात लावून बघा, डागावर दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका आणि लगेच पुसून काढा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र आणू नका, विषारी वायू तयार होतो.

उष्णतेचा डाग मात्र कशानेच जात नाही. लॅमिनेट साधारण १३५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, आणि फोडणीचं तेल त्याच्या बरंच पुढे गेलेलं असतं. कढलं आमटीत रिकामं केलं की ते शेगडीवरच परत ठेवा. तवा, कढई, कुकर उतरवायला लाकडी पाट किंवा जाड फडक्याची चुंबळ कायम शेजारी असू द्या. कुकर वरच्या कपाटाखाली ठेवून शिट्टी सोडू नका; वाफेने कपाटाच्या कडांची पट्टी सुटते.

तारेची घासणी, स्क्रबरची हिरवी बाजू, भांडी घासायची पावडर, टॉयलेट आणि ओव्हन क्लीनर हे सगळं ओट्यापासून लांब ठेवा. मिक्सर ओढू नका, उचला. खलबत्ता जमिनीवर घ्या. एकच मिरची चिरायची असली तरी बोर्ड काढा, कारण सुरीच्या चऱ्यात पुढची हळद जाऊन बसते. मेण-पॉलिशची गरज नाही.

आणि दुकानातून आणलेली ओली पाकिटं, ब्रेडच्या छापील पिशव्या ओट्यावर तशाच ठेवू नका. त्यांची शाई ओट्यावर उतरते. उतरलीच तर तीही रबिंग अल्कोहोलने निघते.