किल्ली सोडली की बंद पडणारी मस्टँग

गाडी १९६७ची फोर्ड मस्टँग, २८९ व्ही-एट, पॉइंटवालं इग्निशन (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी उघडमिट होणारे धातूचे संपर्क). स्टार्टर फिरतोय तोवर इंजिन पेटतं, किल्ली सोडली की लगेच बंद. अशा वेळी कार्बोरेटर उघडू नका. स्टार्टर फिरताना कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) सोलेनॉइडच्या, म्हणजे स्टार्टर चालू करणाऱ्या स्विचच्या, ‘आय’ टर्मिनलवरून बॅटरीचा सरळ करंट मिळतो. किल्ली मागे आली की तो डॅशबोर्डमागच्या गुलाबी रेझिस्टन्स वायरमधून येतो. म्हणजे दोष दुसऱ्या वाटेत.

किल्ली ‘ऑन’, पॉइंट मिटलेले, मीटर कॉइलच्या प्लसवर: ६ ते ८ व्होल्ट हवेत. इथे शून्य. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) कनेक्टरची पिन हिरवी पडून वायर आतून तुटलेली होती.

ही वायर साधी तांब्याची नाही. सोल्डर तिला धरत नाही, आणि लांबी कापली की रेझिस्टन्सही घटतो. तिच्या जागी साधी वायर टाकली तर गाडी चालेल, पण पूर्ण १२ व्होल्टने पॉइंट लवकर जळतील. म्हणून इग्निशन स्विचपासून १४ गेजची नवी वायर ओढली आणि १.३५ ओहमचा सिरॅमिक बॅलास्ट (करंट आवरणारा रेझिस्टर) जोडला. जोड सगळे क्रिंपचे. बॅलास्ट चांगलाच तापतो, त्यामुळे तो फायरवॉलच्या पत्र्यावर, वायरिंगपासून लांब बसवला.

हात लागलाच आहे म्हणून पॉइंटची गॅप ०.०१७ इंच केली. मग डिस्ट्रिब्यूटरची व्हॅक्यूमची नळी काढून, बुजवून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, ६ अंशांवर. सात आणि आठ नंबरच्या सिलिंडरच्या प्लग वायर मात्र एकमेकींना चिकटू देऊ नका. ते दोन सिलिंडर लागोपाठ पेटतात, मिसफायर तिथूनच सुरू होतो.